स्लीपर डब्यातल्या माणसांचा पुढारी : ए. फिलिप रँडॉल्फ

दरवर्षी स्मरणिकेचे काम निघाले की कार्यवाह मला, इंजिनिअर म्हणून, विश्वेश्वरय्यांवर लिहायला सांगतात. त्यांची जयंती १५ सप्टेंबरला, म्हणजे बहुधा गणपतीच्या आगेमागेच येते, त्यामुळे ते सोयीचेही पडते. तीन वर्षे मी ते इमानेइतबारे केले. या वर्षी परवानगी घेऊन दुसऱ्या एका माणसावर लिहितो आहे. हे गृहस्थ इंजिनिअर नव्हते. स्लीपर डब्यातले पोर्टरही ते कधी नव्हते. तरीही प्रत्येक रेल्वेवाल्याने त्यांचे नाव ऐकलेले असावे असे मला वाटते. मी कॅरेज अँड वॅगनचा माणूस. अमेरिकेतल्या जुन्या पुलमन डब्यांची माहिती वाचता वाचता मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो आणि डबे बाजूलाच राहिले.

मार्टिन ल्यूथर किंग आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला अडीच लाखांचा मोर्चा निघाला, तेव्हाचे त्यांचे भाषण शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण त्या मोर्चाचे प्रमुख किंग नव्हते. ते होते ७४ वर्षांचे एक उंच, ताठ वृद्ध, एसा फिलिप रँडॉल्फ. मोर्चाची मूळ कल्पनाही त्यांचीच, आणि तीही २२ वर्षांपूर्वीची.

रँडॉल्फ यांचा जन्म १५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडा राज्यातल्या क्रेसेंट सिटी या गावी झाला. वडील काळ्या लोकांच्या मेथडिस्ट चर्चचे पाद्री होते. गरीब वस्तीतले चर्च, त्यावर घर चालेना, म्हणून ते शिंपीकामही करीत. आईही शिवणकाम करी. पुढे कुटुंब जॅक्सनव्हिलला आले. तिथली एक रात्र रँडॉल्फ जन्मभर विसरले नाहीत. तुरुंगातल्या एका काळ्या कैद्याला ओढून काढून झाडाला लटकवण्याचा गोऱ्या जमावाचा बेत होता. पाद्रीबुवा कोटाखाली पिस्तूल लपवून इतर काही जणांबरोबर तुरुंगाबाहेर पहाऱ्याला गेले. आई घरी मांडीवर भरलेली बंदूक घेऊन रात्रभर बसली. त्या रात्री कैदी वाचला. मला त्या आईचे फार आश्चर्य वाटते.

१९०७ साली शाळेत पहिले आले, पण दक्षिणेत काळ्या मुलाला पहिल्या नंबरचा उपयोग शून्य. १९११ मध्ये ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. खरे तर त्यांना नट व्हायचे होते. शेक्सपिअर पाठ, आवाज भारदस्त. आईवडिलांनी मोडता घातला. नाटक सुटले, आवाज मात्र जन्मभर कामी आला. पत्नी ल्युसिल यांचे केशभूषेचे दुकान होते आणि घर त्या चालवीत. म्हणून तर १९१७ मध्ये मित्राबरोबर ‘मेसेंजर’ हे समाजवादी मासिक काढणे रँडॉल्फ यांना परवडले. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल १९१८ मध्ये क्लीव्हलँडला दोघांना अटक झाली. न्यायाधीशांनी मासिक वाचले आणि दोघांकडे पाहिले. एवढे जड लेखन ही काळी पोरे करूच शकणार नाहीत, कोणा गोऱ्या समाजवाद्याने यांची नावे वापरली असणार, असे ठरवून त्यांना सोडून दिले. वर्णद्वेषामुळे माणूस तुरुंगातून सुटल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता पुलमनविषयी. जॉर्ज पुलमन यांची कंपनी १८६७ ची, म्हणजे गुलामगिरी संपून दोनच वर्षे झाली होती. हिचे ऐषारामी स्लीपर डबे बहुतेक सर्व रेल्वेमार्गांवर धावत आणि प्रत्येक डब्यात एक पोर्टर असे. पोर्टर म्हणजे आपल्याकडचा फलाटावरचा हमाल नव्हे. बिछाना घालणे-काढणे, सामान चढवणे, रात्री प्रवाशांचे बूट पॉलिश करणे, बेल वाजली की धावणे, ही त्याची कामे. या कामाला मुद्दाम काळेच घेत. सुरुवातीचे तर कालपरवा मुक्त झालेले गुलामच. सेवा करायची सवय आणि पगार कमी. महिन्याला सुमारे ४०० तास ड्युटी. गाडी सुटण्यापूर्वी डबा तयार करण्याचा वेळ त्यात धरत नसत. झोप रात्री जेमतेम तीन तास. पॉलिश स्वखर्चाने, प्रवाशाने टॉवेल पळवला तर पैसे पोर्टरच्या पगारातून. पगार इतका कमी की बक्षिशीवरच पोट, आणि बक्षिशीसाठी हसरा चेहरा.

आणि नाव? प्रवासी प्रत्येकाला जॉर्ज म्हणत. पूर्वी गुलामाला मालकाच्या नावाने ओळखत, तसे हे पुलमनसाहेबांचे जॉर्ज. गंमत अशी की याविरुद्ध एक संस्था निघाली होती, पण ती गोऱ्यांची. खरोखरच जॉर्ज नाव असलेल्या गोऱ्यांना आपले नाव पोर्टरला वापरलेले आवडत नव्हते म्हणून!

हे वाचून मी हसलो आणि मग गप्प झालो. आमच्या पिट लाइनवर एसी डब्यांचे बेडरोल सांभाळणारी कंत्राटी मुले येतात. टॉवेल हरवला की त्यांच्याही पगारातून कापतात. वीस वर्षे मी त्यांना ‘ए बेडरोल’ अशीच हाक मारत आलो होतो.

असो. पोर्टरांनी संघटना करायचे ठरवले तेव्हा पुढारी कोण, हा प्रश्न होता. जो पुढे येईल त्याला कंपनी त्याच दिवशी काढणार. म्हणून ते रँडॉल्फ यांच्याकडे गेले. ते कंपनीचे नोकर नव्हते, त्यामुळे त्यांना काढणार कसे? २५ ऑगस्ट १९२५ रोजी हार्लेममध्ये सभा झाली आणि ‘ब्रदरहुड ऑफ स्लीपिंग कार पोर्टर्स’ ही युनियन उभी राहिली. सभेत कंपनीचे हेर असणार हे ठाऊक असल्यामुळे पोर्टरांना तोंड उघडू न देता सगळे रँडॉल्फच बोलले.

पुढची बारा वर्षे कठीण गेली. कंपनीने माणसे काढली, स्वतःची पाळीव युनियन उभी केली, रँडॉल्फ हे बोल्शेविक आणि नास्तिक असल्याचा प्रचार केला. काळ्या समाजातले अनेक पाद्री आणि वृत्तपत्रेही कंपनीच्याच बाजूने होती, कारण पुलमनइतक्या नोकऱ्या काळ्यांना कोणी देत नव्हते. १९२८ मध्ये जाहीर केलेला संप ऐनवेळी मागे घ्यावा लागला. लोकांचा धीर सुटला. १९३३ पर्यंत सभासद उरले ६५८, ऑफिसची वीजही तोडली गेली. १९३४ मध्ये कायदा बदलला, १९३५ मध्ये पोर्टरांनी मतदानाने ब्रदरहुडला निवडले आणि २५ ऑगस्ट १९३७ रोजी, स्थापनेला बरोबर बारा वर्षे होताना, कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे तास २४० वर आले, पगार वाढला.

लढाई फक्त मालकाशी असती तर गोष्ट इथे संपली असती. पण गोऱ्या रेल्वे कामगारांच्या युनियनच्या घटनेतच सभासद गोरा असावा अशी अट होती. दक्षिणेत १९३० नंतरच्या मंदीत इंजिनवरच्या काही काळ्या फायरमनना गोळ्या घालून मारले गेले, कारण त्यांची जागा गोऱ्यांना हवी होती. एकाच फुटप्लेटवर घाम गाळणारी माणसे! कामगारांची एकजूट वगैरे आपण सहज बोलतो, म्हणून हे सांगितले. १९५९ मध्ये रँडॉल्फ यांनी देशाच्या कामगार महासंघात अशा युनियनना हाकलण्याची मागणी केली. तेव्हा अध्यक्ष जॉर्ज मीनी यांनी, तुम्हाला काळ्यांचा पालक कोणी नेमले, अशा शब्दांत त्यांना भर सभेत झापले. १९६१ मध्ये महासंघाने त्यांच्यावर निषेधाचा ठरावही केला. ते बाहेर पडले नाहीत. आत राहून तेच बोलत राहिले.

मोर्चाची कल्पना १९४१ ची. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्यांना घेत नव्हते. रँडॉल्फ यांनी एक लाख लोक वॉशिंग्टनला आणण्याची घोषणा केली. १८ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बोलावून घेतले, गोडीने समजावले. रँडॉल्फ हलले नाहीत. २५ जूनला त्या कारखान्यांतला भेदभाव बंद करणारा हुकूम निघाला आणि मोर्चा रद्द झाला. त्यानंतरच्या काळात त्यांनी गांधीजींच्या सत्याग्रहाचा मार्ग उघडपणे पुढे केला. १९४८ मध्ये, काळे-गोरे वेगळे ठेवणाऱ्या सैन्यात भरती होऊ नका, असे सिनेट समितीसमोर सांगितले. त्याच जुलैत ट्रूमन यांचा सैन्यातील समानतेचा हुकूम निघाला. १९५५ मध्ये माँटगोमेरीत रोझा पार्क्स यांना जामिनावर सोडवणारे आणि बसबहिष्कारात तरुण किंग यांना ओढणारे ई. डी. निक्सन हे पुलमन पोर्टरच होते, ब्रदरहुडचे तिथले पुढारी.

१९६३ च्या मोर्चाची सारी आखणी बायर्ड रस्टिन यांची. ते समलिंगी, तरुणपणी कम्युनिस्ट, युद्धाला नकार देऊन तुरुंगात गेलेले. विरोधी सिनेटरने संसदेत हे सारे वाचून दाखवले. आपल्या गटातल्यांनाही रस्टिन नकोसे होते. रँडॉल्फ स्वतः कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक, १९४० मध्ये त्याच कारणाने एका संघटनेचे अध्यक्षपद सोडलेले. पण त्यांनी स्वतः प्रमुखपद घेतले आणि रस्टिन यांना उपप्रमुख नेमले. ऐन मोर्चाच्या दिवशी कॅथलिक आर्चबिशप ओबॉइल अडून बसले, की जॉन लुईस या तरुणाचे भाषण जहाल आहे, ते बदलले नाही तर प्रार्थना म्हणणार नाही. स्वतः फारसे धार्मिक नसलेले रँडॉल्फ लुईस यांच्याकडे गेले आणि या दिवसासाठी आपण २२ वर्षे थांबलो आहोत, असे कळवळून म्हणाले. लुईस यांनी शब्द बदलले. आर्चबिशपांनी प्रार्थना म्हटली. ल्युसिलबाई मात्र हे पाहायला नव्हत्या. त्याच वर्षी काही महिने आधी त्या गेल्या होत्या.

१९६८ मध्ये हार्लेममध्ये राहत्या इमारतीत तीन तरुण गुंडांनी या म्हाताऱ्याला मारहाण करून लुटले. त्याच वर्षअखेर पुलमनची स्लीपर सेवाही बंद झाली. १६ मे १९७९ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, रँडॉल्फ वारले. वॉशिंग्टनच्या युनियन स्टेशनात आणि बॉस्टनच्या बॅक बे स्टेशनात त्यांचे पुतळे उभारले गेले. मला डब्यांतले कळते, म्हणून शेवटी डब्याचेच सांगतो. अमेरिकेच्या अॅमट्रॅकने पुढे आपल्या एका दुमजली सुपरलायनर स्लीपर डब्याला नाव दिले ए. फिलिप रँडॉल्फ.