विश्लेषण : पान उघडताच राजवाडा उभा करणारे वोयतेख कुबाश्ता कोण होते?

नवीन जालन्यातील एखाद्या गिफ्ट शॉपमध्ये उघडताच केक उभा राहणारे वाढदिवसाचे कार्ड सहज मिळते. ‘आवाज’ दिवाळी अंकातील खिडकीचित्रे तर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांच्या ओळखीची आहेत. कागद कापून आणि दुमडून वाचकाला चकित करण्याची हीच कला मुलांच्या पुस्तकांत ज्यांनी घराघरांत पोहोचवली, त्यांत चेकोस्लोव्हाकियाचे वोयतेख कुबाश्ता (१९१४-१९९२) यांचे नाव अग्रभागी आहे. शिक्षणाने वास्तुविशारद असलेल्या कुबाश्तांच्या पॉप-अप पुस्तकांच्या कोट्यवधी प्रती जगभर विकल्या गेल्या. मात्र ती कोणत्या देशात जातील आणि कोणत्या नाही, हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते.

वास्तुविशारद पुस्तकांकडे कसा वळला?

कुबाश्ता यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९१४ रोजी व्हिएन्नात झाला. पहिले महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. १९१८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य कोसळले, चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश जन्माला आला आणि त्याच सुमारास हे कुटुंब प्रागला आले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी याच शहरात काढले.

लहानपणापासून चित्रकलेची ओढ असली तरी शिक्षण त्यांनी वास्तुकलेचे घेतले. प्रागच्या तंत्र विद्यापीठातून १९३८ मध्ये ते पदवीधर झाले. वेळ मात्र वाईट होती. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले आणि नोव्हेंबरमध्ये चेक विद्यापीठांना टाळे लागले. अशा काळात नव्या वास्तुविशारदाला किती काम मिळणार? काही वर्षे त्या व्यवसायात काढून कुबाश्ता पुस्तकांची चित्रे आणि जुन्या प्रागची शिळाछापाची दृश्ये काढू लागले. युद्धानंतर त्यांनी चेक मालाच्या जाहिरातींसाठी पुठ्ठ्याची उभी राहणारी कार्डे तयार केली. दुकानदाराने कार्ड उघडून टेबलावर ठेवायचे, की वस्तू उठून दिसायची. पॉप-अप पुस्तकांचा पाया या जाहिरातींच्या कामात घातला गेला.

त्यांच्या आधी अशी पुस्तके नव्हती का?

होती आणि उत्तम होती. जर्मनीतील म्युनिकचे लोथर मेगेनडॉर्फर (१८४७-१९२५) हे या क्षेत्रातील आद्य गुरू मानले जातात. १८८७ मध्ये आलेल्या त्यांच्या सर्कशीच्या पुस्तकाच्या घड्या उलगडल्या की प्रेक्षकांसह अख्खे रिंगण उभे राहते. त्यांच्या इतर पुस्तकांत एक पट्टी ओढली की चित्रातील माणसाचे डोळे, हात आणि पाय एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना हलत. त्यासाठी दोन कागदांच्या मध्ये बारीक तारेची वेटोळी लपवलेली असत. हे सगळे हाताने जोडावे लागे. साहजिकच ही पुस्तके महाग आणि नाजूक होती, सुखवस्तू घरांपलीकडे ती फारशी गेली नाहीत.

पुढे ब्रिटनमध्ये लुई गिरॉ यांनी उभ्या राहणाऱ्या चित्रांची वार्षिके काढली. अमेरिकेत १९३० च्या दशकात ब्लू रिबन बुक्स या प्रकाशन संस्थेने ‘पॉप-अप’ हा शब्द रूढ केला. दुसऱ्या महायुद्धाने मात्र हा व्यवसाय थंडावला.

कुबाश्ता यांनी वेगळे काय केले?

१९५६ पासून त्यांची परीकथांची पॉप-अप पुस्तके येऊ लागली. लाल टोपीवाली मुलगी आणि लांडगा यांची गोष्ट सुरुवातीच्या पुस्तकांपैकीच एक. अनेक तुकडे चिकटवण्याऐवजी जाड कागदाच्या एकाच तावाला काप आणि घड्या देऊन शक्य तेवढे दृश्य उभे करायचे, ही त्यांची पद्धत होती. झाड, घर आणि माणसे एकाच कागदातून वर येत. चिकटवण्याचे काम कमी, म्हणून मजुरी कमी आणि किंमतही कमी. मेगेनडॉर्फर यांची करामत कुबाश्तांच्या पुस्तकांत नाही, पण ती अधिक मुलांच्या हाती पडली ती या साधेपणामुळेच.

ठळक रेषा, भडक रंग आणि गमतीदार चेहरे ही त्यांच्या चित्रांची ओळख. मोठ्या आकाराच्या मालिकेत त्यांनी कोलंबसचे जहाज उभे केले. टिप, टॉप आणि टॅप या पात्रांची त्यांची मालिकाही लोकप्रिय झाली. आपल्याकडे गणपतीत जशी आरास होते, तसा युरोपात नाताळला ख्रिस्तजन्माचा देखावा मांडतात. कुबाश्ता यांनी असे कागदी देखावेही केले.

कागद उभा राहतो कसा?

यामागचे गणित घरी करून पाहता येते. एक जाड कागद मधोमध दुमडा. घडीच्या बाजूने कात्रीने दोन समांतर काप द्या. दोन्ही समान लांबीचे हवेत. कापांमधली पट्टी बोटाने आत ढकला आणि तिची घडी उलटी करा. आता कागद काटकोनात उघडला की मध्ये एक पायरी उभी राहते. या पायरीवर चित्र चिकटवले की झाले साधे पॉप-अप.

कागद मिटताना ही पायरी सपाट होते आणि घडीपासून कापाच्या दुप्पट अंतरापर्यंत पुढे येते. म्हणजे काप ४ सेंटिमीटरचा असेल तर टोक ८ सेंटिमीटरवर पोहोचते. दुमडलेल्या पानाची रुंदी त्याहून कमी असेल, तर मिटल्यावर टोक पुस्तकाबाहेर डोकावणार. म्हणून काप पानाच्या निम्म्या रुंदीपेक्षा लहानच ठेवावा लागतो. पॉप-अप रचणाऱ्याला दृश्य उभे कसे राहील याच्याइतकाच ते मिटेल कसे याचाही विचार करावा लागतो. नकाशावरून इमारत डोळ्यांपुढे आणण्याची सवय असलेल्या वास्तुविशारदाला हे जमले, यात नवल नाही. या कामाला आज ‘पेपर इंजिनीअरिंग’ म्हणतात ते त्यामुळेच.

सरकारी प्रकाशनाचा फायदा झाला की तोटा?

दोन्ही. १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट सत्ता आली आणि खासगी प्रकाशन व्यवसाय सरकारजमा झाला. परदेशी विक्रीसाठी ‘आर्टिया’ ही सरकारी संस्था उभी राहिली. मॉस्कोच्या प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची स्वस्त, देखणी पुस्तके ज्यांनी मराठीत वाचली आहेत, त्यांना अशा व्यवस्थेची कल्पना येईल. सरकारला परकीय चलन हवे होते आणि कुबाश्तांची पुस्तके ते मिळवून देत होती. चित्रे तीच ठेवायची आणि मजकूर त्या त्या देशाच्या भाषेत छापायचा, ही रीत होती. लंडनच्या बॅनक्रॉफ्ट या संस्थेमार्फत इंग्रजी आवृत्त्या निघाल्या. एकूण दोन डझनांहून अधिक भाषांत ही पुस्तके पोहोचली.

पण कोणाला विकायचे, किती छापायचे हे आर्टिया ठरवत असे. पोलादी पडद्याआड बसलेल्या कलाकाराला आपल्याच पुस्तकाच्या बाजारपेठेत थेट व्यवहार करता येत नव्हता.

अमेरिकेतील व्यवहार का फिसकटला?

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जाहिरात व्यवसायातील वाल्डो हंट यांनी न्यूयॉर्कमध्ये कुबाश्तांचे एक पुस्तक पाहिले. अमेरिकेत असे काही छापले जातच नव्हते. हंट यांनी ही पुस्तके मोठ्या संख्येने आयात करण्याचा प्रयत्न केला, पण व्यवहार जमला नाही. शीतयुद्ध ऐन भरात होते.

मग हंट यांनी अशी पुस्तके स्वतःच तयार करायचे ठरवले. त्यांनी ग्राफिक्स इंटरनॅशनल ही कंपनी काढली आणि १९६५ मध्ये रँडम हाऊससाठी कोड्यांचे पॉप-अप पुस्तक तयार केले. हातजोडणीचे काम पुढे कोलंबिया, सिंगापूर अशा स्वस्त मजुरीच्या ठिकाणी होऊ लागले. अमेरिकेतील पॉप-अप पुस्तकांची दुसरी लाट इथून सुरू झाली. ती ज्यांच्या पुस्तकामुळे उसळली, ते कुबाश्ता त्या उद्योगात कुठेच नव्हते.

आज त्यांचे काय उरले आहे?

कुबाश्ता प्रागमध्येच काम करत राहिले. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात आले, १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली, हे दोन्ही त्यांनी पाहिले. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, १ जानेवारी १९९३ रोजी, चेकोस्लोव्हाकिया हा देशही दुभंगला.

त्यांची पुस्तके आता संग्राहक शोधत असतात. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१४ मध्ये, न्यूयॉर्कच्या ग्रोलिअर क्लबमध्ये त्यांच्या कामाचे खास प्रदर्शन भरले होते. ज्या शहरातून व्यवहार न होताच मागणी परत फिरली, त्याच शहराने त्यांची पुस्तके काचेच्या कपाटात मांडली. धड स्थितीतील प्रती मिळणे मात्र अवघड असते. त्या मुलांसाठी केल्या होत्या आणि मुलांनी त्या फाटेपर्यंत उघडल्या.