मडक्यांवरून काळ वाचणारे सर फ्लिंडर्स पेट्री

शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या माणसाचे चरित्र द्यावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु विल्यम मॅथ्यू फ्लिंडर्स पेट्री यांची गोष्ट तशीच आहे. ३ जून १८५३ रोजी लंडनजवळील चार्लटन येथे त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, म्हणून शिक्षण घरीच झाले. वडिलांनी भूमापन शिकविले आणि पितापुत्रांनी मिळून स्टोनहेंजची मोजणी केली. पुढे १८८० मध्ये गीझाचे पिरॅमिड मोजण्यासाठी ते इजिप्तला गेले व तेथे एका जुन्या थडग्यातच राहिले.

त्या काळी उत्खनन म्हणजे बहुधा सोने आणि मूर्तींचा शोध असे. फुटकी मडकी फेकून दिली जात. पेट्रींनी मात्र प्रत्येक खापराची नोंद ठेवली. मजुराला सापडलेल्या वस्तूबद्दल ते बक्षीस देत, म्हणजे ती परस्पर व्यापाऱ्याकडे जाऊ नये.

१८८८ मध्ये हवारा येथील रोमनकालीन दफनभूमीत त्यांना ममींच्या चेहऱ्यांवर बसविलेली, लाकडी फळ्यांवर रंगविलेली चित्रे सापडली. डोळे इतके जिवंत की पाहणाऱ्याला ओळखीचे वाटावेत! एका स्त्रीच्या डोक्याखाली होमरच्या ‘इलियड’ची पपायरसची गुंडाळी ठेवलेली होती. पुढे १९११ च्या सुमारास तेथेच एका तरुणीची ममी मिळाली. तिच्या चित्रावर हर्मायनी हे नाव आणि ‘ग्रामाटिके’ ही उपाधी होती. व्याकरण शिकविणारी की केवळ सुशिक्षित, यावर पंडितांत मतभेद आहेत. मी मात्र तिला आमच्याच व्यवसायातील मानते. आज ती केंब्रिजच्या गर्टन या मूळच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात आहे.

१८९२ मध्ये पदवी नसलेले पेट्री लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. अमेलिया एडवर्ड्स या लेखिकेने मृत्युपत्रात त्यासाठी निधी ठेवला होता.

त्यांची खरी कसोटी लागली ती नकादा येथे. १८९५ च्या सुमारास तेथे दोन हजारांहून अधिक थडगी उघडली गेली. देह पाय पोटाशी घेऊन निजविलेले, भोवती मडकी, आणि लेख एकही नाही. हे बाहेरून आलेले कोणी नवे लोक असावेत, असे पेट्रींनी ठरविले. द मॉर्गन या फ्रेंच संशोधकाने ती थडगी राजवंशांच्याही पूर्वीची असल्याचे सांगितले; पेट्रींना ते पटायला वेळ लागला. पटल्यावर मात्र त्यांनी या लेखहीन काळाला क्रम देण्याचे काम अंगावर घेतले. सुमारे नऊशे थडग्यांतील वस्तूंच्या पट्ट्या करून त्या पुन्हा पुन्हा लावून पाहिल्या. पकडण्यासाठी केलेला नागमोडी कान पिढ्यान्‌पिढ्या लहान होत अखेर मडक्यावरची नुसती रेघ उरला, हे सूत्र हाती आले. क्रमाला त्यांनी ३० पासून आकडे दिले. आधीचे आकडे पुढे सापडू शकणाऱ्या अधिक जुन्या थडग्यांसाठी मोकळे ठेवले. हा मोकळा ठेवलेला भाग मला त्यांच्या साऱ्या शोधांहून मोठा वाटतो.

वंशश्रेष्ठत्वाविषयीची त्यांची मते मात्र आज कोणालाही मान्य होणार नाहीत आणि ती झाकूनही ठेवू नयेत.

२८ जुलै १९४२ रोजी जेरुसलेम येथे त्यांचे निधन झाले. देह तेथील झायन टेकडीवरील दफनभूमीत विसावला. शिर मात्र अभ्यासासाठी लंडनच्या शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाकडे पाठविण्यात आले, आणि ते आजही लंडनमध्येच आहे.