शेवटच्या शंभर यार्डांचा बादशहा

आमच्या देवळीत गोल्फचे मैदान नाही. वर्ध्याहून यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, सभोवार काळी जमीन, कपाशी आणि तूर. लहानपणी आम्हाला ठाऊक असलेले खेळ म्हणजे विटीदांडू, लगोरी आणि गोट्या. विटी लांब टोलवणारा पोरगा गल्लीचा हिरो ठरायचा. मी अंगाने किरकोळ, माझी विटी कधी लांब गेली नाही. पण गोट्यांत मात्र माझा हात बरा होता. जमिनीत टाचेने केलेली गल, दहा पावलांवरून तिच्यात अलगद गोटी घालायची, आणि समोरच्याचे तोंड पाहायचे! त्या अलगदपणाची किंमत मला पुढे चाळिशी उलटल्यावर कळली, आणि ती कळवून देणारा माणूस माझ्या जन्माच्या कितीतरी आधी हे जग सोडून गेला होता. त्याचे नाव वॉल्टर ट्रॅव्हिस.

नोकरीच्या निमित्ताने मी पुण्याला गेलो आणि एका वरिष्ठांच्या आग्रहाखातर गोल्फ खेळू लागलो. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मैदानात अठरा ठिकाणी जमिनीत एकेक खळगा असतो. लांबवरून चेंडू टोलवत आणायचा आणि त्या खळग्यात घालायचा. सगळे खळगे मिळून कुशल खेळाडूला किती टोले लागावेत याचा आकडा ठरलेला असतो, बहुधा 72. तुम्हाला साधारण 96 लागत असतील तर ढोबळमानाने तुमचा हँडिकॅप 24. हा आकडा जितका खाली, तितका खेळाडू वरचा. माझा हँडिकॅप 24 वर अडकला होता, तो हलायला तयार नव्हता. त्यावर मला एकच उपाय सुचे, तो म्हणजे आणखी जोरात टोला मारणे. शेवटी व्हायचे तेच झाले. उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण ताकदीने हात फिरवायला मनाई केली. खेळ संपला असे समजून मी रजा घेतली आणि देवळीला आलो. सोबत वाचायला म्हणून आणलेल्या गोल्फच्या जुन्या पुस्तकात ट्रॅव्हिस भेटला.

ट्रॅव्हिसचा जन्म 10 जानेवारी 1862 चा, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात माल्डन नावाच्या सोन्याच्या खाणींच्या गावी. लोखंडी सामानाचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीचा माणूस म्हणून तो ऐन विशीत न्यूयॉर्कला गेला आणि तिथेच स्थायिक झाला. गंमत अशी की त्या वेळी अमेरिकेत गोल्फ जवळजवळ नव्हताच. आपल्या कलकत्त्यात इंग्रजांनी 1829 सालीच गोल्फ क्लब काढला होता, पण अमेरिकेत या खेळाने मूळ धरले ते 1880 च्या दशकाच्या अखेरीस. ट्रॅव्हिस टेनिस खेळे, सायकल चालवी आणि गोल्फची चेष्टा करी. 1896 साली तो इंग्लंडात असताना त्याच्या मित्रमंडळींनी गोल्फ क्लब काढायचे ठरवल्याचे कानावर आले. मित्रांसाठी म्हणून नाइलाजाने त्याने काठ्यांचा एक संच विकत घेतला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्याने लाँग आयलंडवरच्या ओकलंड क्लबात पहिला चेंडू मारला. त्या वेळी त्याचे वय चौतीस वर्षे पूर्ण, पस्तिसावे संपत आलेले!

ज्या वयात आपल्याकडे माणूस मुलांच्या शाळेच्या फीची चिंता करू लागतो, त्या वयात हा गृहस्थ एका अवघड खेळाची बाराखडी गिरवू लागला. शिकवायला गुरू नव्हता. मिळतील ती पुस्तके त्याने वाचली, वाचलेले मैदानावर करून पाहिले आणि न जमलेले पुन्हा वाचले. अवघ्या दोन वर्षांत, 1898 मध्ये, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे त्याला हरवले फिंडले डग्लस या स्कॉटलंडहून आलेल्या तरण्याबांड खेळाडूने. डग्लसचा टोला लांबच लांब जाई. पुढच्या वर्षी पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा डग्लस आणि पुन्हा हार.

इथे माझ्यासारखा माणूस काय करील? डग्लसइतका लांब टोला मारायच्या मागे लागेल आणि खांदा आखडून घेईल. ट्रॅव्हिसनेही आपला लांबचा टोला सुधारण्यासाठी मेहनत घेतलीच, पण आपण डग्लस होणार नाही हेही त्याने ओळखले होते. त्याने हिशेब मांडला तो दुसऱ्या टोकाकडून. खळग्याभोवती गवत अगदी बारीक कापलेली जागा असते, तिला ग्रीन म्हणतात. ग्रीनवर पोहोचल्यावर पटर नावाच्या काठीने चेंडू खळग्याकडे घरंगळत सोडायचा. 72 च्या हिशेबात दर खळग्याला असे दोन टोले धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस, म्हणजे बरोबर निम्मा खेळ झाला! शंभर यार्डांच्या आतले आणि ग्रीनच्या काठावरचे हलके फटके त्यात मिळवा. मग मैदानावर ज्याचे एवढे कौतुक होते तो लांबचा टोला खेळाचा केवढासा भाग उरतो? लांबच्या टोल्याला ताकद लागते, पण जवळच्याला लागतो तो हात आणि डोके, आणि या दोन गोष्टी पस्तिशीनंतरही कमावता येतात.

न्यूयॉर्कजवळच्या गार्डन सिटी क्लबात ट्रॅव्हिस तासन् तास हा जवळचा खेळ घोटत बसे. गोल्फच्या खळग्याची रुंदी सव्वाचार इंच ठरलेली आहे. सरावासाठी त्याने मुद्दाम अगदी लहान खळगे करवून घेतले, चेंडूहून किंचितच मोठे. त्यात चेंडू घालायची सवय झालेल्या माणसाला स्पर्धेतला खळगा विहिरीएवढा दिसणार नाही तर काय! चेंडू ढकलायचा नाही, त्याच्या पाठीत एक बारीकशी चुक ठोकायची आहे असे मनात आणून पटर चालवायचा, अशीही त्याची एक युक्ती होती. त्यामुळे हात डगमगत नाही आणि चेंडू रेषा सोडत नाही.

1900 साली याच गार्डन सिटीच्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम लढत झाली. समोर पुन्हा डग्लस. या वेळी ट्रॅव्हिस जिंकला. 1901 आणि 1903 मध्येही ते अजिंक्यपद त्यानेच मिळवले. दाढी राखलेला, तोंडात काळा चिरूट धरलेला, फारसे न बोलणारा हा खेळाडू विशीतल्या पोरांना हरवू लागला तेव्हा लोक त्याला ‘म्हातारबुवा’ म्हणू लागले. म्हातारबुवा तेव्हा चाळिशीचे होते.

त्याच्या आयुष्यातला सोन्याचा क्षण आला 1904 मध्ये. ब्रिटिश हौशी अजिंक्यपद स्पर्धा इंग्लंडात सँडविच येथे होती आणि आजवर ती एकाही परक्याने जिंकली नव्हती. ट्रॅव्हिस तिथे गेला खरा, पण त्याआधीच्या सरावात त्याचा जीव की प्राण असलेला जवळचा खेळच बिघडला होता. चेंडू खळग्यात जाईना. स्वागतही, त्याच्याच सांगण्यानुसार, थंडच होते. अशा वेळी एका अमेरिकन सोबत्याने त्याला आपला पटर वापरून पाहायला दिला. स्केनेक्टडी या गावच्या एका इंजिनियरने बनवलेला हा नवा प्रकार होता. त्याचे डोके अॅल्युमिनियमचे आणि दांडी एका टोकाऐवजी डोक्याच्या मध्याजवळ बसवलेली. उसनी काठी हातात आली आणि हरवलेली लय सापडली.

त्या आठवड्यात त्याने हिल्टन आणि हचिन्सन या माजी विजेत्यांना घरी पाठवले. अंतिम सामन्यात गाठ पडली ती एडवर्ड ब्लॅकवेलशी. त्या काळातल्या सर्वांत लांब टोला मारणाऱ्यांपैकी तो एक. ब्लॅकवेलचा चेंडू दर वेळी ट्रॅव्हिसच्या कितीतरी पुढे जाऊन पडे. ट्रॅव्हिस शांतपणे चालत येई, दुसऱ्या फटक्याने चेंडू आवाक्यात आणी आणि लांबून खळग्यात घाली. तीन खळगे शिल्लक असतानाच चार खळग्यांची आघाडी घेऊन त्याने सामना संपवला. शेवटच्या शंभर यार्डांत ब्लॅकवेलची ताकद त्याच्या कामी आली नाही.

पुढे 1910 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मंडळींनी मध्यभागी दांडी असलेल्या असल्या पटरवर बंदी घातली. ट्रॅव्हिसच्या विजयाचा तो सूड होता असे अमेरिकेत अनेकांना वाटले. विजय आणि बंदी यांत सहा वर्षांचे अंतर होते, त्यामुळे ते पुरते खरे मानता येत नाही. बंदी उठली ती थेट 1952 मध्ये. तोवर ट्रॅव्हिसला जाऊन पाव शतक झाले होते.

म्हातारबुवा स्वभावाने गोड नव्हते, हेही सांगितले पाहिजे. बोलणे तुटक, मते ठाम आणि वेळेच्या बाबतीत कडक. 1916 साली चौदा वर्षांच्या बॉबी जोन्सचा खेळ त्याने पाहिला. पोर असामान्य आहे, पण पटर धरायची त्याची रीत चुकते आहे हे त्याच्या लगेच ध्यानात आले. शिकवायची वेळ ठरली, पोराची गाडी चुकली, तो उशिरा आला आणि म्हातारबुवांनी शिकवायला नकार दिला. तो धडा मिळायला जोन्सला 1924 पर्यंत थांबावे लागले. ट्रॅव्हिसने त्याला पाय इतके जवळ घ्यायला लावले की टाचा जवळजवळ एकमेकींना लागाव्यात, आणि काठीवरची बोटांची पकडही बदलली. बदल एवढासाच होता. याच जोन्सने 1930 मध्ये एका वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, आणि पटर चालवण्याच्या कलेत त्या धड्याचे ऋण कायम मान्य केले.

ट्रॅव्हिसने 1908 मध्ये ‘अमेरिकन गोल्फर’ हे मासिक काढून संपादन केले, पुस्तके लिहिली, मैदाने आखली. 1915 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, न्यूयॉर्क परिसराची मेट्रोपॉलिटन स्पर्धा त्याने जिंकली, तीही अखेरच्या ग्रीनवर लांबून चेंडू खळग्यात घालून. त्यानंतर मोठ्या स्पर्धांना त्याने रामराम ठोकला. 31 जुलै 1927 रोजी डेन्व्हर येथे तो वारला. व्हर्मांटमधील मँचेस्टरला, त्याने घडवायला हातभार लावलेल्या एक्वानॉक मैदानाच्या गावीच, त्याला चिरविश्रांती मिळाली.

हे सारे मी देवळीच्या ओसरीत बसून वाचले आणि जुनी वही काढली. माझ्या शेवटच्या खेळातले 97 टोले खळग्यागणिक त्यात लिहिलेले होते. ग्रीनवरचे तेवढे वेगळे मोजले. 41! म्हणजे ज्या टोल्यासाठी मी खांदा घालवून बसलो होतो, त्याचा या नुकसानीशी संबंधच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात टाचेने गल केली, चेंडू जेमतेम मावेल एवढीच. आईने नुकतेच अंगण सारवले होते, त्यामुळे जमीन ग्रीनसारखी गुळगुळीत होती आणि आईचा रागही ताजा होता. या वयात पोराला गोट्यांचे वेड लागले, असे तिने शेजारणीला सांगितल्याचे मला नंतर कळले. मी रोज एकच नेम ठेवला. तीन पावलांवरून ओळीने दहा चेंडू गलीत घालायचे, एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. मग दहा पावलांवरून चेंडू गलीत जावो न जावो, तिच्यापासून हातभर अंतरात थांबवायचा. दुखऱ्या खांद्याला यात काही काम नव्हते. संध्याकाळी पंधरा पावलांवर टोपले ठेवून त्यात हलके उडवलेले फटके. पहिला आठवडा चेंडू तुळशीवृंदावनावर आपटत राहिले. चेंडू उडवण्यापेक्षा लवकर जमिनीवर आणून घरंगळू दिला तर तो जास्त शहाण्यासारखा वागतो, हे दुसऱ्या आठवड्यात समजले. गोट्या खेळताना हेच तर मला ठाऊक होते! मधल्या वर्षांत मी ते विसरलो होतो, इतकेच.

खांदा बरा झाल्यावर पुण्याला परतलो. टोला पूर्वीपेक्षा आखूडच पडत होता, अजूनही पडतो. पण ग्रीनवरचे 41 चे 34 झाले आणि वर्षभरात हँडिकॅप 24 वरून 17 वर आला. बरोबरचे तरुण माझ्या पुढे चेंडू टाकतात आणि आदराने माझी वाट पाहतात. मी चालत चालत पोहोचतो. तेवढ्या चालण्यात एका दाढीवाल्या, चिरूट ओढणाऱ्या, अबोल माणसाची आठवण हमखास होते.

दर दिवाळीला गावी गेलो की अंगणातली ती गल मी पुन्हा उकरतो. आई आता ओरडत नाही. मागल्या वर्षी तिने सारवताना तेवढी जागा मोकळी सोडली होती.