दोन मासे, एक पाणवनस्पती आणि पाच-सहा गोगलगायी

घरात पहिल्यांदा फिशटँक येतो तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच कथा घडते. काचेची पेटी, रंगीत खडे, चार-सहा मासे. आठवडाभर सगळे घर टाकीसमोर बसलेले असते. मग पाणी पांढुरके होते, काचेवर हिरवा थर चढतो आणि एका सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. दुकानदार मोठा फिल्टर, चांगला दिवा आणि दोन-तीन बाटल्यांतली औषधे सुचवतो. खर्च वाढत जातो, मासे मरतच राहतात. या कोड्याचे पहिले नीट उत्तर 1849 मध्ये लंडनमधल्या एका रसायनशास्त्रज्ञाने शोधले. त्यांचे नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. मत्स्यालयाचा इतिहास लिहिणारे त्यांना वगळून पुढे जाऊ शकत नाहीत.

वॉरिंग्टन यांचा जन्म 7 सप्टेंबर 1807 रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात, शीअरनेस या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजांना अन्नसामग्री पुरवत. पंधराव्या वर्षी रॉबर्ट पाच वर्षांच्या करारावर एका रसायनशास्त्रज्ञाकडे उमेदवारीला लागले. पोटॅशियम, सोडियम, आयोडीन तयार करण्याचे काम तिथे चाले. पुढे 1828 मध्ये लंडनला नव्याने सुरू झालेल्या विद्यापीठात त्यांनी प्रयोगशाळेतील साहाय्यक म्हणून काम केले. 1831 पासून आठ वर्षे ते एका मोठ्या बिअर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होते. बंद पिंपातील द्रवात काय चालले आहे, ते वासावरून, रंगावरून आणि मोजमापावरून ओळखायचे, ही त्या नोकरीची गरज होती.

1841 मध्ये त्यांच्या पुढाकाराने लंडनची केमिकल सोसायटी स्थापन झाली आणि पहिली दहा वर्षे ते तिचे चिटणीस राहिले. 1842 मध्ये त्यांना आयुष्यभराची जागा मिळाली. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स भागातील अपोथेकरीज हॉलमध्ये ते मुख्य रसायनतज्ज्ञ झाले आणि कुटुंबासह तिथेच राहू लागले. हा हॉल म्हणजे औषधे बनवणाऱ्यांच्या संघाचे मुख्यालय आणि कारखाना. ब्रिटिश नौदलाला आणि ईस्ट इंडिया कंपनीला इथली औषधे जात. औषध शुद्ध आहे की भेसळीचे, हे पाहणे वॉरिंग्टन यांचे काम होते. ही सवय त्यांनी औषधांपुरती ठेवली नाही. 1844 मध्ये त्यांनी बाजारातील हिरव्या चहाची तपासणी प्रसिद्ध केली. चहाला आलेला तो सुंदर हिरवा रंग अनेकदा प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्समची पूड यांचा असतो, हे त्यांनी दाखवून दिले.

टाकी मांडली ती अशी

1849 हे साल लंडनसाठी वाईट होते. कॉलऱ्याची मोठी साथ चालू होती. शहराची घाण थेम्स नदीत जात होती आणि त्याच नदीचे पाणी अनेक घरांत पिण्यासाठी येत होते. दूषित पाण्यातून कॉलरा पसरतो, हे मत डॉ. जॉन स्नो यांनी त्याच वर्षी मांडले, पण फार थोड्यांना ते पटले. जंतूंचा सिद्धांत अजून दूर होता. पाणी कशामुळे बिघडते आणि कशामुळे नीट राहते, हा प्रश्न त्या काळात जिवावरचा होता.

त्या वर्षी मे महिन्यात वॉरिंग्टन यांनी एक साधा प्रयोग मांडला. त्यामागे जुने ज्ञान होते. मेणबत्ती जळून बिघडलेली हवा पुदिन्याच्या रोपामुळे पुन्हा जळण्यायोग्य होते, हे जोसेफ प्रीस्टले यांनी 1771 मध्ये पाहिले होते. हे काम वनस्पतीचे हिरवे भाग आणि तेही उजेडातच करतात, हे 1779 मध्ये यान इंगेनहाउस या डॉक्टरांनी दाखवले होते. पाण्यात मासा प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो, वनस्पती उजेडात याच्या उलट करते. मग दोघे एकत्र ठेवले तर पाणी न बदलता चालेल का, हे वॉरिंग्टन यांना पाहायचे होते.

साहित्यात महाग काही नव्हते. सुमारे बारा गॅलन, म्हणजे 54 लिटर मावेल असे काचेचे भांडे. ते झऱ्याच्या साध्या पाण्याने निम्मे भरलेले. तळाशी वाळू आणि चिखल, त्यावर सुटे दगड, माशांना हवे तेव्हा खाली शिरता येईल असे रचलेले. दोन लहान गोल्डफिश. व्हॅलिसनेरिया या पाणवनस्पतीचे एक छोटे रोप, मुळे चिखलात रोवून वर एक दगड ठेवलेला. तोंडावर तारेच्या कड्यावर ताणलेली पातळ मलमल, लंडनच्या हवेतली काजळी पाण्यात पडू नये आणि हवाही खेळती राहावी म्हणून. व्हॅलिसनेरियाची पाने लांब, रिबिनीसारखी असतात. भारतातील नद्या-तळ्यांतही ती वाढते आणि आजही मत्स्यालयाच्या दुकानांतील स्वस्त वनस्पतींत मोडते.

काही दिवस सगळे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने पिवळी पडून कुजू लागली. पाणी गढूळ झाले. पृष्ठभागावर आणि काचेवर बुळबुळीत हिरवा थर धरला. असेच चालू राहिले असते तर मासे आजारी पडले असते. इथे बहुतेक जण पाणी फेकून देतात आणि नव्याने सुरुवात करतात. वॉरिंग्टन यांनी नेमके काय कमी पडते आहे ते शोधले. तळ्यात हीच पाने कुजतात, तरी तळे स्वच्छ राहते. तिथे असे कोणीतरी आहे, जे इथे नाही.

त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगायी आणून भांड्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने आणि हिरवा थर फस्त केला. पाणी निवळले. त्यांची अंडी आणि पिल्ले माशांना खाद्य म्हणून मिळू लागली. गोगलगायीच्या विष्ठेवर वनस्पती पोसली आणि तिला नवी रोपे फुटत गेली. मार्च 1850 मध्ये त्यांनी हे निरीक्षण केमिकल सोसायटीपुढे वाचले. मासा, वनस्पती आणि साफसफाई करणारा जीव असे तीन घटक लागतात, दोन पुरत नाहीत, हा त्यातला निष्कर्ष होता.

छंदाची लाट आणि तिची उतरण

ब्रिटनमध्ये काचेवरचा कर 1845 मध्ये रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त होत होती. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. 1854 मध्ये निसर्ग अभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘अॅक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोचला. दिवाणखान्यात टाकी असणे प्रतिष्ठेचे झाले आणि त्याच वेगाने टाक्या नासूही लागल्या. मासे जास्त, वनस्पती कमी, टाकी थेट उन्हात आणि धीर मुळीच नाही. दहा-पंधरा वर्षांत ही लाट ओसरली.

वॉरिंग्टन मात्र निरीक्षण करत राहिले. गोड्या पाण्यानंतर त्यांनी समुद्राचे पाणी घेऊन पाहिले. घरटे बांधणाऱ्या स्टिकलबॅक माशांच्या सवयी टिपल्या. चारही बाजूंनी प्रकाश आत आला की शेवाळ माजते, हे लक्षात आल्यावर त्यांनी फक्त पुढून काच आणि वरून प्रकाश अशी टाकी बनवली. नैसर्गिक तळ्यात उजेड वरूनच येतो, एवढे साधे त्यामागचे कारण होते. 1857 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी या विषयावर व्याख्यान दिले. 1864 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी निघालेल्या ब्रिटिश फार्माकोपियाच्या, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथाच्या, कामातही त्यांचा हात होता. 17 नोव्हेंबर 1867 रोजी डेव्हनमधील बडले सॉल्टरटन या किनाऱ्यावरच्या गावी त्यांचे निधन झाले.

मुलाने आणि नातीने पुढे नेलेले काम

वॉरिंग्टन यांच्या हिशेबात एक मोठी उणीव राहिली होती. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. उरलेले खाद्य आणि कुजकी पाने यांतूनही तो तयार होतो. थोडासा अमोनियाही माशाला विषारी ठरतो. पाण्यातील आणि तळाच्या मातीतील जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने सौम्य असते आणि वनस्पती ते खत म्हणून घेतात. वॉरिंग्टन यांच्या भांड्यातील चिखल हेच काम करत होता. डोळ्यांना न दिसणारा हा चौथा भिडू त्यांना ठाऊक नव्हता.

त्याचा माग काढणाऱ्यांत त्यांचाच मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्ट. 1838 मध्ये जन्मलेला, तब्येतीने नाजूक, अपोथेकरीज हॉलमध्ये वाढलेला आणि वडिलांच्या प्रयोगशाळेत शिकलेला. मे 1849 मध्ये तो दहा वर्षांचा होता. पुढे रोथॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात त्याने वर्षानुवर्षे जमिनीतील नायट्रेट कसे तयार होते याचा अभ्यास केला. हे काम सूक्ष्मजीव करतात, प्रखर उजेडात ते मंदावते आणि त्याचे दोन टप्पे वेगवेगळ्या जिवाणूंचे आहेत, हे दाखवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ते जिवाणू वेगळे काढण्यात मात्र त्याला यश आले नाही. ते श्रेय रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांना मिळाले.

या धाकट्या रॉबर्टची मुलगी कॅथरीन वॉरिंग्टन हीसुद्धा रोथॅमस्टेडलाच संशोधक झाली. वनस्पतीला जगण्यासाठी बोरॉन हे मूलद्रव्य अत्यल्प प्रमाणात का होईना, पण लागतेच, हे तिने 1923 मध्ये वाटाण्याच्या कुळातल्या ब्रॉड बीनवर सिद्ध केले. आज मत्स्यालयातील वनस्पतींसाठी मिळणाऱ्या सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या खतांत बोरॉन असते, ते या शोधामुळे.

आपल्या टाकीसाठी

वॉरिंग्टन यांचा प्रयोग जसाच्या तसा करू नये. गोल्डफिश बराच मोठा होतो आणि घाणही जास्त करतो, त्याला आजच्या मापाने मोठी टाकी लागते. त्यांची पद्धत मात्र तोकड्या बजेटमध्ये आजही उपयोगी आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि दोन-तीन आठवडे परिणाम पाहावा. पैसे थोडे असतील तर ते आधी वनस्पतींवर खर्च करावेत. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला यांसारख्या भराभर वाढणाऱ्या वनस्पती अमोनिया शोषून घेतात आणि एका रोपाची अनेक रोपे होतात. दिवा रोज सहा ते आठ तास पुरतो, तो स्वस्त टायमरवर लावावा. टाकी थेट उन्हात ठेवू नये. वनस्पती आणि जिवाणू स्थिरावण्यासाठी काही आठवडे द्यावेत आणि मगच मासे थोडे-थोडे वाढवावेत. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर ते संख्येने जास्त झाले आहेत किंवा पाणी हलते ठेवणारा छोटा एअर पंप हवा आहे.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे, सगळे एकदम नाही. सगळे पाणी फेकून, खडे साबणाने घासून धुतले की उपयोगी जिवाणूही जातात आणि मासे पुन्हा मरू लागतात. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुण्याऐवजी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. क्लोरीन उडून जावे म्हणून नळाचे पाणी बादलीत दिवसभर ठेवतात, ती बादली जाळीने किंवा कापडाने घट्ट झाकावी. डेंग्यूचा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

हातावर जखम असेल तर टाकीत हात घालू नये आणि एरवीही काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. मत्स्यालयाच्या पाण्यातील एका जिवाणूमुळे बोटांवर किंवा हातावर गाठी येतात आणि त्या महिनोन्‌महिने बऱ्या होत नाहीत. अशी गाठ आली तर डॉक्टरांना घरात फिशटँक असल्याचे आवर्जून सांगावे, निदान लवकर होते. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नये. तळ्यातल्या गोगलगायी परजीवींच्या वाहक असू शकतात, म्हणून त्या पकडून आणण्यापेक्षा दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीतल्या घ्याव्यात. त्या झपाट्याने वाढू लागल्या तर माशांना खाद्य जास्त पडते आहे असे समजून ते कमी करावे.