लुई ब्रेल
लुई ब्रेल यांचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी फ्रान्समधील कुव्रे गावी झाला. वडील खोगिरे बनवत. तिसऱ्या वर्षी आरी लागून छोट्या लुईचा एक डोळा गेला, पुढे दुसराही. तरी गावच्या गुरुजींनी त्याला डोळस मुलांबरोबर वर्गात बसवले. ऐकून तो पुष्कळ शिकला, पण वाचता येईना. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत गेला. तेथे तोफखान्यातील माजी अधिकारी बार्बिए यांची १२ ठिपक्यांची लिपी त्याला कळली. १८२४ मध्ये त्याने ती ६ ठिपक्यांवर आणली. तेव्हा तो माझ्याच वयाचा, १५ वर्षांचा होता! १८५२ मध्ये त्यांचे निधन झाले. आज मराठीही ब्रेलमध्ये वाचता येते. मला वाटते, वर्गात जागा द्यावीच, पण वाचता येईल असे पुस्तकही हातात द्यावे.