पंडिता रमाबाई : ख्रिस्ती श्रद्धा आणि जाणत्या मुलींचे मातृत्व

प्रास्ताविक

एकोणिसाव्या शतकातील स्त्रीसुधारणेच्या चळवळीचा अभ्यास करताना पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही वाचले आहे. संस्कृतच्या विदुषी, 'स्त्रीधर्मनीती'च्या लेखिका, शारदा सदनाच्या संस्थापिका ही त्यांची ओळख आपल्याला परिचित आहे. प्रस्तुत पाठात त्यांच्या चरित्रातील एका निर्णयाकडे आपण विशेष लक्ष देणार आहोत. आईबापांविना उरलेल्या, ज्यांना स्वतःचे दुःख आठवते अशा वयाच्या मुलींना त्यांनी आपल्या घरात का घेतले आणि या निर्णयाचा त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेशी कोणता संबंध होता, हा आपला अभ्यासविषय आहे.

आरंभी 'दत्तक' या शब्दाविषयी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळच्या हिंदू कायद्यात दत्तकविधान प्रामुख्याने वंश चालावा आणि पिंडदान व्हावे यासाठी होते. त्यामुळे दत्तक घ्यायचा तो मुलगा. मुलीला या व्यवस्थेत सामान्यतः स्थान नव्हते. भारतीय ख्रिस्ती समाजासाठी तर दत्तकाचा स्वतंत्र कायदाच नव्हता. म्हणून रमाबाईंनी स्वीकारलेल्या मुली कायद्याच्या अर्थाने त्यांच्या दत्तक कन्या नव्हत्या. मात्र अन्न, शिक्षण, उपजीविका, विवाह आणि आजारपण या सर्वांचा भार त्यांनी आईच्या नात्याने उचलला. या पाठात 'स्वीकार' हा शब्द आपण याच अर्थाने वापरणार आहोत.

पोरकेपणाचा अनुभव

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यापायी समाजाचा रोष पत्करला. पुढे लक्ष्मीबाईंनी मुलीला शिकवले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरत असे.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात या कुटुंबाची वाताहत झाली. वडील गेले, पाठोपाठ आई गेली आणि नंतर थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा चौथ्या जागी स्वतः रमाबाई उभ्या राहिल्या. त्यांचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते. खांद्याची उंची पुरेना, म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. पुढील काही वर्षे त्या आणि बंधू श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडले. १८७८ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविले.

हा तपशील तुम्ही विसरू नका. रमाबाई पोरक्या झाल्या त्या जाणत्या वयात. भूक म्हणजे काय, आईचे प्रेत उचलणे म्हणजे काय, अनोळखी गावात रात्र काढणे म्हणजे काय, हे त्यांनी समजत्या मनाने भोगले होते.

श्रद्धेचा प्रवास

१८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने आंतरजातीय विवाह केला. कन्या मनोरमा १८८१ मध्ये जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तान्ह्या मुलीला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि १८८३ मध्ये शिक्षणासाठी इंग्लंड गाठले.

तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांचे वास्तव्य होते. या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित ठरवून टाकून दिलेल्या स्त्रियांची तेथे शुश्रूषा होई. या स्त्रिया प्रौढ होत्या आणि त्यांचा भूतकाळ सर्वांना ठाऊक होता, तरी त्यांना माया मिळत होती. हे कशाच्या बळावर घडते, असा प्रश्न रमाबाईंना पडला. त्या वेळी त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा आली. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या, लोकांनी दूर ठेवलेल्या त्या स्त्रीशी येशू आदराने बोलतो. या कथेचा आपल्या मनावर झालेला परिणाम रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे त्यांच्या धर्मांतरामागे केवळ तात्त्विक वाद नव्हता. माणसाला त्याच्या पूर्वायुष्यासह स्वीकारता येते, या प्रत्यक्ष अनुभवातून त्यांची श्रद्धा घडली. संत पौलाच्या पत्रांत देव आणि भक्त यांच्या नात्यासाठी दत्तकाची उपमा येते, हेही येथे लक्षात घ्यावे. देवाने स्वीकारलेला माणूस हा तान्हे बालक नसतो. तो चुका केलेला, दुःख भोगलेला प्रौढ असतो.

शारदा सदन ते मुक्तिसदन

अमेरिकेतील सहानुभूतिदारांनी उभारलेल्या निधीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास हलले. उच्चवर्णीय बालविधवांचे शिक्षण हा त्याचा हेतू होता. येथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये त्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. सदनात धर्मशिक्षणाची सक्ती करावयाची नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्याची वार्ता ऐकताच रमाबाईंना स्वतःचे तारुण्य आठवले. अडचणी उघड होत्या. अमेरिकेतील निधी उच्चवर्णीय विधवांसाठी बांधलेला होता आणि दुष्काळातील मुली सर्व जातींच्या होत्या. नव्या कार्यासाठी हाती पैसा नव्हता. तरीही त्या निघाल्या. ब्रिस्टलच्या अनाथगृहांचे संस्थापक जॉर्ज म्यूलर यांचे चरित्र त्यांनी वाचले होते. प्रार्थनेवर विसंबून कार्य उभे करता येते, हा विश्वास त्यातून दृढ झाला होता.

मदत केंद्रांत त्यांनी जे पाहिले, त्यातून निर्णयाची दिशा ठरली. लहान मुलांविषयी कोणालाही कणव येते. वयात आलेल्या निराधार मुलींभोवती मात्र त्यांना फसवून नेणारे लोक टपून बसत. सर्वांत मोठा धोका याच मुलींना होता. लहानग्यांबरोबर अशा मुली, बालविधवा आणि तरुण स्त्रिया यांनाही रमाबाईंनी सोबत आणले. त्यांची संख्या सुमारे ३०० झाली. पुण्यात प्लेगमुळे नव्या मुलींना ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगाव येथे आधी घेतलेल्या जमिनीवर राहुट्या व झोपड्या उभ्या राहिल्या. यातूनच मुक्तिसदन आकारास आले. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळाच्या वेळी रमाबाईंनी आपल्या हाताखाली तयार झालेल्या स्त्रियांना तिकडे धाडले आणि केडगावातील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

घर कसे चालले

मोठ्या मुलीला घरात घेणे तान्ह्या बाळापेक्षा कठीण असते. तिच्या सवयी, बोली, जातीचे संस्कार, भीती आणि आठवणी तिच्यासोबत येतात. उपासमारीने काही मुलींची शरीरे इतकी खचली होती, की अन्न मिळूनही त्या वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांना शिस्त लावणे सोपे नव्हते. शारदा सदनात शिकलेल्या मुलींना रमाबाईंनी शिक्षिका व देखरेख करणाऱ्या म्हणून नेमले. नुकतीच दुःखातून सावरलेली मुलगी नव्याने आलेल्या मुलीला सांभाळू लागली. शेती, विणकाम, शिवण, दुग्धव्यवसाय आणि छापखाना यांतून प्रत्येकीच्या हाताला काम मिळाले. समाजाने कलंकित मानलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून अंध मुलींचे शिक्षण सुरू केले.

याच छापखान्यात रमाबाईंच्या बायबल अनुवादाचे खिळे मुलींनी जुळविले. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेला हा अनुवाद सामान्य स्त्रीला कळेल अशा मराठीत असावा, असा त्यांचा प्रयत्न होता. १९२१ मध्ये मनोरमा निवर्तली. पोटची एकुलती कन्या गेल्यानंतरही रमाबाईंनी अनुवादाचे काम पुरे केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूल्यमापन

या कार्याचे मूल्यमापन करताना एका आक्षेपाला तुम्हाला सामोरे जावे लागेल. मुक्तिसदन ही उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. उपाशी मुलीला अन्न देणाऱ्या घराचा धर्म तिने स्वीकारला, तर ती निवड कितपत स्वतंत्र मानावी? जाणत्या मुलीला स्वतःचा देव आणि स्वतःचे आप्त आठवत असल्यामुळे हा प्रश्न अधिक तीव्र होतो. रमाबाईंच्या समकालीनांनी तो विचारला आणि आजचे अभ्यासकही विचारतात. तो बाजूला सारून त्यांचे चरित्र पूर्णपणे समजत नाही.

त्याच वेळी दुसरी बाजूही तपासा. त्या मुलींना दारात घेण्यास त्या काळी कितीजण तयार होते? जात न विचारता, पूर्वायुष्याचा हिशेब न मागता त्यांना आपले म्हणणारी घरे फार थोडी होती. रमाबाईंच्या बाबतीत श्रद्धा आणि स्वीकार या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. सोळाव्या वर्षी आईचा भार डोक्यावर घेतलेल्या मुलीला पुढे आपल्यासारख्या इतर मुली ओळखता आल्या, आणि त्यांना जवळ करण्याचे बळ तिला तिच्या श्रद्धेने दिले, असे म्हणता येईल.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. रमाबाईंच्या बालपणातील व तारुण्यातील कोणत्या अनुभवांचा प्रभाव १८९७ मधील निर्णयावर दिसतो?
२. शारदा सदन आणि मुक्तिसदन यांच्या उद्दिष्टांतील फरक स्पष्ट करा.
३. मुक्तिसदनातील धर्मशिक्षणाविषयीच्या आक्षेपाची दोन्ही बाजूंनी चर्चा करून स्वतःचे मत मांडा.