स्वयंपाकघरातली इंजिनिअर

प्रॉडक्शन किंवा मेकॅनिकलच्या कुणालाही रात्री दोन वाजता झोपेतून उठवा आणि विचारा, थर्बलिग म्हणजे काय? तो डोळे न उघडता सांगेल की हातांच्या हालचालींचे ते १७-१८ मूलभूत तुकडे. शोधणे, पकडणे, नेणे, धरून ठेवणे, सोडणे... शिवाय गिलब्रेथ हे आडनाव इंग्रजीत उलटं लिहिलं, फक्त 'टी-एच'ची जोडी तशीच ठेवली, की थर्बलिग होतं. झालं! ओरलला हमखास येणारा प्रश्न, दोन मार्क खिशात.

पण गिलब्रेथ हा एक माणूस नव्हता, नवरा-बायकोची जोडी होती. आमच्या वर्क स्टडीच्या पुस्तकात बायकोच्या वाट्याला जेमतेम अर्धी ओळ आलीय. प्रत्यक्षात नवऱ्यानंतर ही बाई जवळजवळ अर्धं शतक काम करत राहिली, आणि त्यातलं बरंचसं काम अशा जागेवर केलं जिथे तोवर फारसा कुणी इंजिनिअर फिरकला नव्हता. ती जागा म्हणजे स्वयंपाकघर. आज मॉड्युलर किचनच्या जाहिराती पानापानावर असतात. रंग, ग्रॅनाइट, ट्रॉल्या, चिमणी. या सगळ्याच्या आधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो, हे मला लिलियन गिलब्रेथ यांच्यामुळे कळलं. म्हणून हा लेख.

लिलियन मोलरचा जन्म २४ मे १८७८ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला झाला. घर खाऊनपिऊन सुखी, मूळचं जर्मन. मुलगी भयंकर लाजाळू. नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलीच नाही, आईच घरी शिकवायची. पुढे वडिलांचं म्हणणं पडलं की मुलीला कॉलेज कशाला? मग हो-ना करत एक वर्ष बघू म्हणून परवानगी मिळाली. त्या एका वर्षाची झाली चार वर्षं. १९०० साली ती बर्कलेहून इंग्रजी साहित्यात बी. ए. झाली आणि तिथल्या पदवीदान समारंभात भाषण करणारी पहिली मुलगी ठरली. १९०२ मध्ये एम. ए. म्हणजे बघा, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची ही थोर बाई मुळात आर्ट्सची!

१९०३ मध्ये युरोपच्या सहलीला निघताना बोस्टनमध्ये तिची गाठ फ्रँक गिलब्रेथशी पडली. फ्रँक १८६८ सालचा, म्हणजे दहा वर्षांनी मोठा. कॉलेजचं तोंड न पाहिलेला. सतराव्या वर्षी गवंड्यांच्या हाताखाली विटा लावायला शिकला आणि पुढे स्वतः बिल्डर झाला. शिकताना त्याच्या लक्षात आलं की प्रत्येक गवंड्याची पद्धत वेगळी. इतकंच नाही, एकच गवंडी शिकवताना एक पद्धत वापरतो, घाईत असताना दुसरी आणि निवांत असताना तिसरी. मग यातली बरोबर कुठली? त्याने हालचाली मोजल्या. एका विटेमागे १८ व्हायच्या, त्या चार-पाचवर आणल्या. ताशी १२० विटांच्या जागी ३५० लागू लागल्या. यातली युक्ती साधी होती. विटा जमिनीवरून वाकून उचलायच्याच नाहीत. भिंतीबरोबर वर सरकणारी परांची केली आणि विटा गवंड्याच्या हाताच्या उंचीवर ठेवल्या. ही परांची लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९ ऑक्टोबर १९०४ ला दोघांचं लग्न झालं. फ्रँकने यंत्र आणि हालचाल पाहायची, लिलियनबाईंनी माणूस पाहायचा, अशी वाटणी झाली आणि त्यासाठी त्यांनी साहित्य सोडून मानसशास्त्र धरलं. टेलरसाहेब स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभे राहायचे. गिलब्रेथ दांपत्याने कॅमेरा आणला, कामगाराच्या बोटांना छोटे दिवे बांधून हाताचा मार्ग फोटोत पकडला, आणि प्रश्न बदलला. हा किती वेगाने काम करतो यापेक्षा हा दमतो कशाने, हे विचारलं. थकव्यावर त्यांचं स्वतंत्र पुस्तक १९१६ साली आलं.

त्याआधी १९१४ मध्ये लिलियनबाईंचं व्यवस्थापनाच्या मानसशास्त्रावरचं पुस्तक छापलं गेलं. प्रकाशकाने अट घातली की नाव एल. एम. गिलब्रेथ असंच छापायचं. बाईने लिहिलंय हे वाचकाला कळता कामा नये! कॅलिफोर्नियात पीएच. डी. हुकली, कारण पूर्ण वर्षभर तिथे येऊन राहण्याचा नियम आडवा आला. मग ब्राउन विद्यापीठात नव्याने प्रबंध लिहून १९१५ साली त्या डॉक्टर झाल्या. तोवर घरात अर्धा डझन मुलं होती. एकूण बारा झाली. त्यातली मेरी १९१२ मध्ये घटसर्पाने गेली, अकरा मोठी झाली. आपण एका केटीत सेमिस्टरभर रडतो, मित्रांनो!

१४ जून १९२४. फ्रँक गावच्या स्टेशनवरून घरी फोन करत होता, बोलता बोलता हृदय बंद पडलं. मोठी अॅन अठरा वर्षांची, धाकटी जेन दोन. युरोपातल्या परिषदांमध्ये फ्रँकची भाषणं ठरलेली होती. काही दिवसांतच लिलियनबाई बोटीत बसल्या आणि लंडन व प्राग इथे त्याच्या जागी उभ्या राहिल्या.

परत आल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. वीस वर्षं दोघांनी बरोबरीने कन्सल्टन्सी चालवली होती, पण कंपन्यांना हवा होता फ्रँक. एकेकाने करार पुढे चालू ठेवायला नकार दिला. शॉप फ्लोअरवर बाईकडून काय शिकायचं, हा सूर. अकरा पोरं आणि उत्पन्न बंद. बाईंनी घरातच मोशन स्टडीचे वर्ग सुरू केले. आणि मग एक गोष्ट त्यांनी ओळखली. कारखान्याचं दार बंद झालं असेल, पण देशातला एक मोठा कारखाना अजून कुणी अभ्यासलेलाच नाही. तिथे रोज तीन शिफ्ट चालतात, सुट्टी नाही, पगार नाही. तो घराघरात आहे.

इथे एक गंमत सांगायला हवी. बाईंना स्वतःला स्वयंपाकाची फारशी सवय नव्हती. त्यांच्या घरी चुलीचा कारभार आधी सासूबाई आणि नंतर मदतीची माणसं पाहत. तरी त्यांना स्वयंपाकघर कळलं, कारण त्यांनी ते कामाची जागा म्हणून बघितलं. ही पद्धत सगळ्यात आधी त्यांनीच आणली असं मात्र नाही. क्रिस्टीन फ्रेडरिक १९१२ पासून घरकामातल्या वाया जाणाऱ्या हालचालींवर मासिकात लिहीत होत्या, आणि जर्मनीत १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्झ्की यांनी सुमारे १.९ मीटर बाय ३.४ मीटरचं फ्रँकफर्ट किचन करून दाखवलं, तसली जवळजवळ दहा हजार बसवली गेली. लिलियनबाईंची जमेची बाजू होती मोजमाप आणि मानसशास्त्र, दोन्ही एकत्र.

१९२७ मध्ये त्यांचं गृहिणीच्या कामावरचं पुस्तक आलं. १९२९ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी नमुन्याचं स्वयंपाकघर मांडलं. या कंपनीच्या अध्यक्षही एक बाईच होत्या, मेरी डिलन. शेगडी आणि काम करायची जागा शेजारी शेजारी. वर खाण्याचं सामान, खाली भांडी. फ्रिज एका पावलावर. जोडीला चाकांचं छोटं टेबल, हवं तिथे ढकलायचं आणि त्यावरूनच खरकटी भांडी सिंकपर्यंत न्यायची. म्हणजे वस्तूंनी बाईभोवती गोल धरायचा, बाईने वस्तूंभोवती घिरट्या घालायच्या नाहीत. मग चाचणी घेतली. स्ट्रॉबेरीचा केक आधी जुन्या पद्धतीच्या स्वयंपाकघरात केला, मग नव्या. क्रिया ९७ वरून ६४ वर आल्या. आणि पावलं? २८१ वरून ४५! सामान तेच, कृती तीच, फक्त जागा बदलल्या.

पुढे १९४० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात याच विचाराचा सोपा नियम झाला. शेगडी, सिंक आणि फ्रिज हे तीन बिंदू, त्यांचा त्रिकोण. प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट, आणि त्रिकोणातून घरातल्यांची ये-जा नको. आज एल, यू, समांतर अशा ओट्यांच्या ज्या रचना दाखवतात, त्यांची परीक्षा याच त्रिकोणाने करता येते. एकाच भिंतीलगतचा सरळ ओटा असेल तर त्रिकोण पडतच नाही, मग निदान सिंक मध्ये आणि बाकी दोन बाजूला, एवढं तरी बघावं.

दुसरा मुद्दा उंचीचा. आठवली का परांची? गवंड्याने वाकू नये म्हणून जे केलं, तेच बाईंनी ओट्यासाठी मांडलं. कामाची उंची ही काम करणाऱ्याच्या उंचीवरून ठरली पाहिजे. जनरल इलेक्ट्रिकसाठी काम करताना त्यांनी चार हजारांवर बायकांना विचारून सिंक-शेगडीची योग्य उंची शोधली, अशी नोंद आहे. पायाने झाकण उघडणारा कचऱ्याचा डबा आणि फ्रिजच्या दारातले कप्पे यांचं श्रेयही त्यांना देतात. पण कारखान्यांना एकच माप सोयीचं. अमेरिकेत ओटा सरसकट ३६ इंचांचा झाला आणि ज्या बाईने माणसागणिक माप सांगितलं, तिचा मूळ मुद्दाच बाजूला पडला.

हे वाचल्यावर गेल्या दिवाळीत मी घरी प्रयोग केला. आई पोहे करत होती, मी वही घेऊन दारात. पोह्यांचा डबा मागच्या कपाटात, चाळणी खिडकीशी, कढीपत्ता फ्रिजमध्ये आणि फ्रिज बाहेरच्या खोलीत! पावलांचा आकडा शंभराच्या पुढे गेला तेव्हा आईने मलाच कांदा चिरायला बसवलं. मग टेप लावली. आमचा ओटा ३४ इंच, आई पाच फुटांना इंचभर कमी. पोळी लाटताना तिचे खांदे कानाशी येतात. ही उंची कुणी ठरवली, विचारलं. मिस्त्रीने. बाबांना रंग विचारला होता, कडाप्पा की ग्रॅनाइट तेही विचारलं होतं. आईला कुणीच काही विचारलं नव्हतं. ती वीस वर्षं त्या ओट्याशी उभी आहे.

ओटा तोडायला पैसे लागतात, त्यामुळे एक जाड लाकडी पाट तिच्या पायाखाली आला. मिसळणाचा डबा शेगडीशेजारी आला, रोजचे डबे खांद्याच्या खालच्या फळीवर आले. खर्च शून्य. फेऱ्या खरंच कमी झाल्या. पण वाचलेल्या वेळात आई काय करू लागली? डबे घासायला लागली!

आणि इथेच लिलियनबाईंच्या कामावरचा खरा आक्षेप येतो. पावलं कमी झाली, पण ती टाकायची कुणी, हे बदललं नाही. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या पुस्तकात दाखवलं की घरात यंत्रं आली तरी आईचं काम कमी झालं नाही, अपेक्षा तेवढ्या वाढल्या. मला हा आक्षेप पटतो. पण निम्मं उत्तर बाईंच्या घरातच होतं. त्यांच्याकडे मुलांची समिती होती, भिंतीवर तक्ते होते आणि कामं मुलगा-मुलगी न बघता वाटलेली होती. ते तंत्र मॉड्युलर किचनसोबत विकत मिळत नाही.

बाईंची पुढची वाटचाल थक्क करणारी आहे. १९३५ मध्ये त्या पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक झाल्या, तिथल्या पहिल्या महिला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी हृदयविकार झालेल्या आणि अपंगत्व आलेल्या बायकांसाठी स्वयंपाकघरं आखली. बसून काम करता येईल, जड काही उचलावं लागणार नाही, हात वर न्यावा लागणार नाही अशी. मला त्यांचं हे काम सगळ्यात मोठं वाटतं. १९४८ मध्ये दोन मुलांनी घरावर लिहिलेलं 'चीपर बाय द डझन' गाजलं. २००३ च्या त्याच नावाच्या सिनेमात मात्र नाव आणि बारा मुलं सोडून यांचं काही नाही! १९६५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. १९६६ साली हूवर पदक, तेही बायकांमध्ये पहिलंच. २ जानेवारी १९७२ ला, ९३ व्या वर्षी त्या गेल्या. अकराही मुलं कॉलेजात शिकली.

आपल्यातले बरेच जण चार-पाच वर्षांत घर घेतील किंवा गावचं घर दुरुस्त करतील. शोरूममध्ये जाल, सेल्समन रंगांचं पुस्तक उघडेल. ते जरा बाजूला ठेवा. जी व्यक्ती तिथे रोज उभी राहणार, तिच्या कोपराची उंची आधी मोजा. कोपराखाली तीन-चार इंच, तो तिचा ओटा. तिची पावलं मोजा. आणि त्यातली निम्मी आपण टाकू शकतो का, तेही बघा. हॉस्टेलला मॅगी करता येते, म्हणजे पोहेही यायला हरकत नाही.

– टी. ई. प्रॉडक्शन